दोन श्रावणांमधला पाळणा

काशीत आमच्या घरी श्रावण दोनदा लागतो. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून शहराचा सावन सुरू होतो. कावडवाले, भगवे सदरे, कोपऱ्याकोपऱ्यावर बेलपत्रांचे ढीग. पण घरातलं पंचांग शांतपणे सांगतं की अजून आषाढच आहे, आषाढ वद्य. आमचा श्रावण अमावास्येनंतर. राखीपौर्णिमेला शहराचा सावन उठून जातो, तेव्हा आमचा अर्धा उरलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आमच्या लोकांनी बोलण्यात हिंदी येऊ दिली, न्याहारीला कचौडी येऊ दिली, महिने मात्र महाराष्ट्रातलेच ठेवले.

मधला हा पंधरवडा, शहराचा श्रावण आणि आमचा आषाढ, मी माझा मानते. त्या फटीतूनच मी घराबाहेर पडले.

यंदाही तो आला. दुर्गाकुंडाच्या अलीकडच्या मैदानात सावनाच्या मेळ्यासाठी ट्रकमधून लोखंड उतरलं. माझ्या आकाशपाळण्याचे आरे चिखलात आडवे पडले होते. ओल्या लोखंडाला ग्रीसचा वास आला की मी अजून एकेक आरा हाताने चाचपून बघते. सकाळी मैदानाच्या ठेकेदाराशी भांडले. तो मला मागचा, नाल्याजवळचा कोपरा देत होता. मी म्हटलं, "भइया, नाल्याजवळ तुमची खुर्ची टाका, मी फाटकाजवळ पाळणा टाकते." तो हसला, मी हसले नाही. मी निघाले. जाताना पाय हळू टाकले. पाचव्यासहाव्या पावलाला मागून हाक आली, "अरे दीदी, सुनिए तो!" फाटकाजवळची जागा मिळाली.

हे पाय हळू टाकणं मला आईने शिकवलं. विश्वेश्वरगंजच्या बाजारात ती भाव सांगायची, भाजीवाला मान हलवायचा, मग आई पिशवी उचलून निघायची. लहानपणी मी तिचा हात ओढत भराभर चालायची तेव्हा ती दटावायची, "सुमे, हळू. हाक यायला वेळ लागतो. बोलावणारा असेल तर बोलावतो, पण आपण ऐकू येईल इतकं जवळ असायला हवं." भाजीवाल्याने नाहीच बोलावलं तर ती पुढच्या दुकानात जायची. तोंड कडू न करता. मला हा दुसरा भाग कधी जमला नाही.

आमचं जुनं घर रामघाटाजवळच्या गल्लीत होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे धर्मविधी करायचे आणि उरलेल्या वेळात पाठशाळेत शिकवायचे. पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढायला लागली की आमच्या घराचं हवामान बदलायचं. पाणी एकेक पायरी गिळत यायचं. अप्पांची चौकी आणि वेताची छत्री मल्लाह, म्हणजे नावाडी, उचलून वर आणायचे आणि ती आमच्या जिन्याखाली उभी राहायची. छत्री जिन्याखाली आली म्हणजे यजमान कमी, अप्पा घरात जास्त, आणि आईचा आवाज बारीक. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या वर्षी छत्री फारच लवकर जिन्याखाली आली.

शहराच्या सावनाचे पहिलेच दिवस. आई आणि मी दुर्गाकुंडाच्या मेळ्यात हिरव्या बांगड्या घ्यायला गेलो होतो. मेळ्यात बायकांची ही गर्दी. नव्या नवऱ्या, सासवा, नणंदा, हातांवर ओली मेंदी. त्या आकाशपाळण्याच्या रांगेत हौसेने उभ्या राहायच्या आणि पाळी आली की मागे सरायच्या. मी बांगड्या चढवून घेता घेता बघत होते. गोम लगेच लक्षात आली. डब्यात बसल्यावर पुढ्यात आडवा दांडा लावून त्याची खिट्टी अडकवायची असते. ते काम एक दांडगा बाप्या करत होता. ओली मेंदी असलेल्या बायकांना स्वतः दांडा ओढता येईना, आणि त्याने अंगावर ओणवं होऊन लावलेला चालेना. पाळणा अर्धा रिकामा फिरत होता.

मालकाचं नाव लल्लनजी. खुर्चीत बसून ते पान लावत होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "चाचा, आपका झूला आधा खाली घूम रहा है."

"तो?"

"तो लेडीज के लिए लेडीज रखिए. मुझको."

त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "कौने घर की हो?" मी सांगितलं. पान त्यांच्या हातातच राहिलं. "पंडितजी की बिटिया झूला चलाएगी? ना बाबा. हमको पाप मत लगाओ."

मी निघाले. पाय हळू टाकले. आई चुडिहारिणीपाशी अर्ध्या बांगड्या चढवलेला हात तसाच धरून बघत होती. ती मला थांबवेल असं वाटलं होतं. तिने फक्त माझ्या पायांकडे पाहिलं. परीक्षक बघतो तसं. मागून हाक आली, "ए बिटिया!"

मी परत गेले ती अटी घेऊनच. मला छत्री हवी. दुपारी बसायला सावली हवी. आणि मला कोणी 'ए लड़की' म्हणायचं नाही, दीदी म्हणायचं. लल्लनजी म्हणाले, "और कुछ? सिंहासन?" पण कबूल झाले. त्यांनीही एक अट घातली, राखीपर्यंत मध्येच सोडून जायचं नाही. मी शब्द दिला.

घरी आईने माझी बाजू लढवली. तिची लढाई बघण्यासारखी होती, कारण ती लढते आहे हे अप्पांना कळतच नसे. अप्पा म्हणाले, "श्रावणात घरची मुलगी मेळ्यात उभी राहणार?" आई तांदूळ निवडत म्हणाली, "श्रावण कुठे लागलाय? अजून आषाढच आहे ना आपला." पंचांग मानणाऱ्या माणसाला पंचांगानेच गाठलं. मला पंधरा दिवस मिळाले.

ते दिवस आठवले की आधी हात आठवतात. तळव्यांवर मेंदीचा चिखल घेऊन, दोन्ही मनगटं वर धरून, जणू कुणी बंदूक रोखली आहे अशा बायका डब्यात चढायच्या. मी दांडा ओढायची, खिट्टी घालायची, कुणाचा पदर आत सारायची, कुणाच्या कपाळावरचा केस बाजूला करायची, कारण तिला हात लावता येत नसे. दिवस सरताना दांड्यांवर हिरवे-तांबडे ठसे पडलेले असत. खाली लाजून बसलेली बाई वर गेली की तिचा आवाज बदलायचा. मी सावनातल्या कजरीचे सूर वरून येताना ऐकलेत, शिव्यासुद्धा ऐकल्यात, त्याही सासूच्या नावाने. एक म्हातारी उतरल्यावर माझा दंड धरून म्हणाली, "बिटिया, ऊपर से हमार छत देखाई दिहिस. केतनी छोट है!" सगळं आयुष्य तिने ज्या घरात राबून काढलं, ते तिला पहिल्यांदा वरून दिसलं होतं. ती हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. रांग होती.

आणि पाळणा भरण्याची रीत. बाहेरच्या माणसाला वाटतं एक डबा भरला की त्याच्या शेजारचा भरायचा. तसं नाही. एक डबा भरला की चाक अर्धं फिरवायचं आणि बरोबर समोरचा भरायचा. इकडे दोन लठ्ठ बायका, तर समोर दोन लठ्ठ बायका किंवा तीन सडपातळ. तोल राहिला पाहिजे, नाहीतर चाक हिसके देतं. रांगेतल्या बायकांकडे नुसतं बघून मी वजनाच्या जोड्या लावायला शिकले. यातली गंमत मला तेव्हा कळली नव्हती. ज्याच्या वजनावर तुम्ही तोलून असता, तो माणूस तुमच्या शेजारी कधीच नसतो. तुम्ही वर, तो खाली. पूर्ण फेरीत फक्त दोनदा दोघं एका उंचीवर येता, तेही मध्ये सगळं चाक ठेवून.

मग अमावास्या आली. आईने दिवे घासून पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले, आणि दुसऱ्या दिवशी आमचाही श्रावण लागला. आईचा युक्तिवाद संपला. अप्पा म्हणाले, "आता पुरे." मी म्हटलं, राखीपर्यंत शब्द दिलाय. ते म्हणाले, "शब्द कुणाला दिलास? पाळणेवाल्याला?" मी म्हटलं, "शब्दाला जात असते का, अप्पा?" माझं डोकं तेव्हाही असंच होतं. आई मध्ये पडली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाळण्यावर गेले.

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मी भांडू शकते. ते ओरडले नाहीत. गल्लीत शेजारच्या गोदूताईंनी विचारलं, "सुमन सकाळी सकाळी कुठे जाते हो?" तेव्हा जिन्यातून मी ऐकलं. अप्पा म्हणाले, "शिकवणी घेते. भेलूपूरला." इतकं सहज. खोटं न बोलणारा माझा बाप माझ्यासाठी खोटं बोलला, आणि ते खोटं मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

आमच्या श्रावणातला पहिला सोमवार. घाट पाण्याखाली, म्हणून अप्पा सांगलीकडच्या यजमानांना घेऊन दुर्गाकुंडाच्या दर्शनाला आले होते. नवरा, बायको, बायकोची बहीण. दर्शन झाल्यावर त्या बहिणींना पाळण्याची हौस आली. रांगेत मला आधी अप्पांचं उपरणं दिसलं, मग अप्पा. त्यांनी मला पाहिलं. मी पाळण्यावर आहे हे त्यांना ठाऊक होतंच. दोघी बहिणी चढल्या. मी दांडा ओढला. त्यातली एक घाबरून म्हणाली, "गुरुजी, हे घट्ट आहे ना?"

अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो बाई, नीट लावा दांडा."

अहो बाई.

मी खिट्टी घातली. हलवून दाखवली. मग वळले आणि दुसऱ्या बाजूच्या डब्याकडे निघाले. माझ्या लक्षात आलं की मी पाय हळू टाकते आहे. जनरेटर धडधडत होता, कणसं भाजल्याचा धूर येत होता, कुठेतरी भोंगा वाजत होता, आणि त्या सगळ्यातून मी कान मागे लावून चालत होते. आता म्हणतील, सुमे. यजमानांना सांगतील, ही आमची. डबा आला. मी दांडा धरला. मागे वळून पाहिलं तेव्हा अप्पा दोघी बहिणींच्या पिशव्या हातात घेऊन वर बघत उभे होते.

त्या संध्याकाळी घरात वरणभात होता. अप्पा म्हणाले, मीठ कमी आहे.

पुढचं सगळं आयुष्य मी भावच केले. पुढल्या सावनाला पुन्हा लल्लनजींकडे गेले, त्याच्या पुढल्यालाही. इंजिन शिकले, बेअरिंग शिकले, परवाना देणाऱ्या साहेबांशी कसं बोलायचं ते शिकले. लल्लनजी थकले तेव्हा पाळणा मीच विकत घेतला. ते म्हणाले, "तोहसे के जीते?" तुझ्यापुढे कोण जिंकणार. खरं आहे. डिझेलवाला मला बघून हिशेब आधीच खाली आणतो. काशीतल्याच लंका भागात मी स्वतःचं घर केलं. लग्न केलं नाही. तो एक सौदा मला कधी फायद्याचा वाटला नाही. आई असेपर्यंत दर सावनात एकदा यायची, दांडा स्वतः लावून घ्यायची, वर जाऊन यायची आणि म्हणायची, "गंगा फार चढलीय ग." अप्पा कधी आले नाहीत. मी ते मनात धरून ठेवलं. लोक म्हणतात राग पोसला की माणूस झिजतो. मी तर चांगली सुटले.

आई गेल्यावर अप्पांना जुन्या घराचा जिना चढवेना. मी त्यांना माझ्याकडे आणलं. वेताची छत्रीसुद्धा आली. ती आता माझ्या गॅलरीत असते. आम्ही दोघं पंचांग, पथ्य, गंगेचं पाणी कुठवर आलं, यावर बोलतो. बाकी विषयांना आम्ही दोघंही वळसा घालून जातो, रस्त्यात बसलेल्या नंदीला घालावा तसा.

यंदा अमावास्येच्या दिवशी मी दिवे घासत होते. आईइतके ते माझ्याने चकाकत नाहीत. अप्पा खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "उद्या आपला श्रावण लागतो."

"हो."

"म्हणजे आज अजून आषाढच आहे."

मी हातातला दिवा खाली ठेवला. हे वाक्य आमच्या घरात दुसऱ्या कुणाचं होतं.

"मेळ्यात नेशील का?" ते म्हणाले.

दुपारी ई-रिक्शातून गेलो. पाऊस नुकताच थांबला होता, मैदान रिकामं होतं. चिखलात फळ्या टाकलेल्या. कणीसवाली शेगडीवरचा प्लास्टिकचा कागद काढत होती. माझा इंजिन चालवणारा रामजतन वर्षानुवर्षं माझ्याबरोबर आहे, पण त्याने अप्पांना कधी पाहिलं नव्हतं. तो धावत आला, पाया पडला. "बाबूजी, पहली बार आए झूला पर?"

अप्पा म्हणाले, "हां. बेटी ने कभी बुलाया ही नहीं."

माझं डोकं सणकलं. मी बोलावलं नाही? मी? भर मेळ्यात बाई म्हणून मला झटकून टाकणारा हा माणूस, आणि मी बोलावलं नाही? तोंडापर्यंत आलं होतं. रामजतन माझा चेहरा ओळखतो, तो लगेच खिट्ट्या तपासायला निघून गेला. अप्पा चाकाकडे बघत होते, मान वर करून, डोळ्यांवर हात धरून. त्यांना वर बघताना मी एकदाच पाहिलं होतं. मग मला वाटलं, इतकी वर्षं हेही कुठेतरी पाय हळू टाकत चालले असतील काय? आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर? मी हे मान्य केलेलं नाही. आजही नाही. सौद्यात समोरच्याची पहिली बोली मान्य करायची नसते. पण बोली आली होती, हे खरं.

मी त्यांना डब्यात बसवलं. धोतराचा सोगा आत घेतला. दांडा ओढला, खिट्टी घातली. त्यांचे हात दांड्यावर टेकले, वाळलेल्या पानासारखे. "शेजारी बस की," ते म्हणाले.

"तोल जातो, अप्पा. समोर बसावं लागतं."

समोर वाळूची बोरी ठेवूनही भागलं असतं, आम्ही एरवी तेच करतो. पण माझ्या जागी बोरी ठेवावीशी वाटली नाही, आणि शेजारी बसले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं. मी रामजतनला म्हटलं, बोरी बाबूजींच्या पायाशी ठेव.

"ही कशाला?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही माझ्यापेक्षा फार हलके झालात."

"तू जड झालीस," ते म्हणाले, "आईवर गेलीस."

रामजतनने चाक अर्धं फिरवलं. अप्पा वर गेले. मी खालच्या डब्यात बसले आणि दांडा स्वतःच लावला. इतक्या वर्षांत मी या पाळण्यात फारशी बसलेच नव्हते. कोण हलवाई आपली मिठाई खातो? इंजिन खोकलं आणि सुरू झालं. जमीन खाली गेली. रामजतनचं टक्कल, कणीसवालीचा धूर, देवळाचा लाल कळस, कुंडाचं हिरवं पाणी, मग छपरं, ओली, शेवाळलेली, त्यांवर वाळत घातलेले आणि पावसात पुन्हा भिजलेले कपडे. लांबवर मातकट गंगा, काठ मोडून पसरलेली. माझ्या पायाखाली, बरोबर तळाशी, अप्पांच्या डोक्यावरचं पांढरं काही दिसत होतं. मग ते वर यायला लागले आणि मी खाली.

पहिल्या खेपेला आम्ही एका उंचीवर आलो तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. स्तोत्र असणार. दुसऱ्या खेपेला डोळे उघडे होते, पण ते नदी बघत होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला शोधलं. मध्ये सगळं चाक, आरे, तारा, गळणारं पाणी. मी उगाच दांडा घट्ट धरला. जनरेटर धडधडत होता, अगदी तेव्हासारखा.

"सुमे!"

हा आवाज म्हातारा झालेला नव्हता. घाटाच्या पायरीवरून मधल्या धारेतल्या नावेला ऐकू जावा असा, जन्मभर मंत्र म्हणून कमावलेला आवाज. फाटकाजवळ उभी असलेली माणसं वर बघायला लागली. फुगेवाला बघायला लागला. कणीसवालीने रामजतनला काहीतरी विचारलं आणि त्याने हाताने आधी अप्पांकडे, मग माझ्याकडे दाखवलं.

अप्पा वर चालले होते, मी खाली. खाली आल्यावर रामजतन लीव्हरवर हात ठेवून विचारायला लागला, "दीदी, रोकें?"

मी नाही म्हणून मान हलवली. अजून हाक पुरती ऐकून झाली नव्हती.

"धीरे," मी म्हटलं, "एकदम धीरे चलाओ."